आधी झाडं, मग भिंत

सकाळी ६
दसरा झाला. हलका धान कापणीला आला की अर्जुनी मोरगावात मजूर मिळेनासे होतात, आणि दिवाळीआधी घरं धुऊन पुताई करायचेही नेमके हेच दिवस. चार महिने झड खाऊन भिंती काळ्या पडलेल्या असतात. तो नुसता मळ नाही, शेवाळ आणि बुरशी असते. ती मेल्याशिवाय वर रंग धरत नाही, म्हणून ब्लिचिंग पावडर लागतेच.

पोतं उघडायच्या आधी घराला एक फेरी मारली. खिडकीखाली गोडलिंब, भिंतीला चिकटून मोगरा, मागे सांदवाडीत वालाचा मांडव आणि जांबाचं झाड. दारात तुळस, ती तर वृंदावनातली. हलवायचा प्रश्नच नाही. घरच्या काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, इले जपजो जी. कार्तिकात लगन हाये इचं."

साडेसहा
कुंड्या उचलून आवाराच्या पार टोकाला नेल्या. जमिनीतल्या झाडांना पाणी सोडलं, पार चिखल होईपर्यंत. तहानलेली माती जे पडेल ते पिऊन घेते. आधीच भरलेल्या मातीत औषधाचं पाणी कमी मुरतं, आणि मुरलं तरी पातळ होतं. पानंही वरून-खालून भिजवली. साथीदार म्हणतो यात तास जातो. जाऊ दे.

साडेसात
आता झाकण. पहिल्या वर्षी मी पन्नी गुंडाळली होती. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत आत वाफ कोंडली आणि एका घरची सगळी शेवंती उकडून गेली. तेव्हापासून जुनं सुती लुगडं वापरतो. पण सुती कापड औषध शोषतं आणि तेच पानावर टेकलं तर पान भाजतं. म्हणून झाडाभोवती चार बांबू रोवून कापड वर ताणायचं आणि सतत ओलं ठेवायचं.

साडेआठ
ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. लिटरभर पाण्यात साधारण ३० ग्रॅम घातली की १ टक्क्याचं द्रावण होतं. नळाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पुरतो. बादलीतलं पाणी त्याच्या ५०,००० पट जहाल. हे एकदा ध्यानात आलं की हात आपोआप जपून चालतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड मात्र यात कधीच मिसळायचं नाही. विषारी वायू निघतो, तो माणसालाही सोडत नाही.

नऊ ते अकरा
झाडांजवळच्या भिंतीला फवारा नाही, ब्रशच. हातभर पट्टा घ्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, वरून खाली धुवायचं. खाली एक जण पाइप घेऊन फक्त झाडांसाठी उभा. आज वाऱ्याने दोन थेंब जांबाच्या एका पानावर उडाले. लगेच धुतलं नसतं तर उद्या तिथे हिरवेपणा उडून कागदासारखा पांढरा ठिपका दिसला असता. तो पुन्हा हिरवा होत नाही.

अकरा
ऊन चढलं, कापडं काढली.

दुपारी दोन
मागच्या नालीचं पाणी थेट बोडीत उतरतं. आपल्या भागातल्या कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, नवेगावबांध त्यातलाच. त्या मुलखात राहून आपण भिंतीचं धोवण बोडीत सोडावं, हे मला पटत नाही. थोडासा क्लोरीनही मासोळीच्या कल्ल्यांना सोसत नाही. नालीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला आणि पाणी आवारातल्या मोकळ्या, झाड नसलेल्या खड्ड्यात वळवलं.

चार
मोगऱ्याच्या बुडाशी पांढरा साका बसला होता. त्यात चुना असतो. राहिला तर माती चुनखड होते, मुळांना लोह मिळत नाही आणि नवी पालवी पिवळी येते. खुरप्याने वरची बोटभर माती काढली, नवी घातली, पुन्हा पाणी दिलं.

सहा
काकूंनी वृंदावनाशी दिवा लावला. मंजिऱ्या जशाच्या तशा होत्या. भिंत वाळायला दोन दिवस लागतील, मग रंग.

यंदा घर धुवायला द्याल तेव्हा ठेका भिंतीच्या फुटावर ठरवताना झाडांचा तो एक तासही मजुरीत धरा. आणि माणसाच्या हाती ब्रश द्यायच्या आधी पाण्याचा पाइप द्या.