गाडी मित्राची, कार्ड माझं

गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या एका गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने माझ्या क्रेडिट कार्डावर तीन रकमा लावल्या. त्या गाडीत मी बसलोसुद्धा नव्हतो. माझा शाळेपासूनचा मित्र आणि वहिनी लेकीकडे सॅन होजेला गेले होते आणि तिथून आठवडाभर गाडी घेऊन फिरायचं त्यांनी ठरवलं होतं. आगाऊ पैसे भरले तर भाडं बरंच कमी पडत होतं, पण त्याच्या कार्डावरून व्यवहार होईना. त्याने मला नाशिकला फोन केला. मी माझ्या कार्डावरून भाडं भरलं, त्याने त्याच दिवशी ते माझ्या खात्यात जमा केलं. काउंटरवर अनामत मुलीच्या कार्डावर ठेवली गेली. माझा आणि त्या गाडीचा संबंध तिथे संपायला हवा होता.

गाडी परत केल्यानंतर काही दिवसांनी रात्री मोबाइलवर मेसेज आले. एक रक्कम ६४० डॉलरची, एक ७८ डॉलरची आणि एक चाळीसेक डॉलरची. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. एकूण बोजा साठ हजारांच्या पुढे गेला.

मी बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं कार्डांच्या तक्रारी हाताळल्या. निवृत्त झालो तरी ओळखीतले लोक अजून अशाच अडचणी घेऊन येतात, आणि बहुतेकांना पहिला प्रश्न एकच असतो: ओटीपी न देता पैसे गेलेच कसे? आपल्याकडे ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खातरजमा २००९ पासून सक्तीची आहे आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून देशातल्या दुकानदारांना ग्राहकाचा कार्ड क्रमांक स्वतःजवळ साठवताही येत नाही. हे नियम रिझर्व्ह बँकेचे आहेत. अमेरिकेतल्या व्यापाऱ्याला ते लागू नाहीत. त्याच्याकडे तुमचा क्रमांक राहतो, आणि गाडी परत आल्यावर निघालेला टोल, पेट्रोल, दंड तो त्याच क्रमांकावर लावू शकतो. भाड्याच्या करारातच तशी तरतूद असते. मात्र या करारावर सही मित्राची होती. मी परवानगी दिली होती ती फक्त ठरलेल्या भाड्याची.

मी आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद केला. ही सोय प्रत्येक बँकेने द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा २०२० चा आदेश आहे, तरी कित्येक लोकांना ती ठाऊक नसते. मग बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्र होती, तत्पर होती, आणि लगेच म्हणाली, "काका, हे फ्रॉड म्हणून नोंदवते. कार्ड ब्लॉक करून नवीन पाठवते." मी तिला थांबवलं.

हा सगळा लेख मी या एका वळणासाठी लिहितो आहे. फ्रॉड म्हणजे माझं कार्ड कुणी अनोळखी माणसाने वापरलं. तशी तक्रार केली की कंपनी एकच कागद पुढे करते: याच कार्डावरून, याच गाडीचं आगाऊ भाडं भरलेलं आहे. तक्रार तिथेच फेटाळली जाते, आणि पुन्हा वेगळ्या कारणाने दाद मागणं फार अवघड होतं. शिवाय ती तक्रार खोटी ठरते, कारण कंपनीला कार्ड मीच दिलं होतं. माझी तक्रार वेगळी होती. व्यापारी ओळखीचा आहे, पण ही रक्कम मला मान्य नाही. याला बँकेच्या भाषेत डिस्प्यूट म्हणतात, आणि त्याचा फॉर्मही वेगळा असतो.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक अनेकांनी ऐकलेलं असतं. तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी नाही. बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची. नियम अतिशय चांगला आहे. पण तो अनधिकृत व्यवहारांचा आहे. व्यापाऱ्याशी असलेल्या वादाला तो लावायला गेलं की हाती काही लागत नाही.

डिस्प्यूट नोंदवल्यावर पडद्याआड चार जण असतात: ग्राहकाची बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं जाळं, व्यापाऱ्याची बँक आणि व्यापारी. आपली बँक जाळ्यामार्फत व्यापाऱ्याच्या बँकेकडून रक्कम परत ओढते. हाच चार्जबॅक. व्यापाऱ्याला तो मान्य नसेल तर तो पुरावे पाठवतो, मग आपल्याला पुन्हा उत्तर द्यावं लागतं, आणि तरीही मिटलं नाही तर जाळं स्वतः निवाडा करतं. बहुतेक वादांसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँका ग्राहकाला अनेकदा त्याहून कमी सांगतात. आपण बँकेने सांगितलेली मुदत धरावी. निवाडा होतो तो कागदांवर. फोनवर किती तळमळून बोललो हे फायलीत कुठेच दिसत नाही.

आणि कागद सगळे मित्राकडे होते! दुसऱ्यासाठी कार्ड वापरलं की हीच पंचाईत होते. पैसे एकाचे, पुरावा दुसऱ्याकडे. मी त्याला करार, गाडी घेताना आणि परत देताना काढलेले फोटो, पेट्रोलची पावती, गाडी जमा केल्याची पोच आणि कंपनीकडून आलेला प्रत्येक ईमेल पाठवायला सांगितलं. तो बिचारा इतका ओशाळला होता की म्हणाला, "अरे, सोडून दे. सगळे पैसे मी देतो तुला." मी साफ नाही म्हटलं. जे देणं त्याचं नाहीच ते त्याने केवळ संकोचापायी भरावं, हे मला पटणारं नव्हतं. अशा वेळी मित्र गुपचूप पैसे देऊन टाकतात, एकमेकांना फोन करणं कमी करतात, आणि कंपनीला कुणी जाब विचारत नाही.

मग एकेक रक्कम वेगळी केली. चाळीस डॉलर टोलचे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर मार्च २०१३ पासून रोख टोल घेणारं कुणी नाही. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. टोलही फक्त शहराकडे येतानाच लागतो, त्यामुळे जाताना काहीच द्यावं लागलं नाही म्हणून परदेशी पाहुणे निर्धास्त असतात. बिल गाडीच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे जातं, आणि ती त्यावर आपला सेवा आकार चढवते. मूळ टोलपेक्षा हा आकारच मोठा होता. मला तो अवाजवी वाटतो. पण करारात तो स्पष्ट छापला होता आणि खाली सही होती, म्हणून ही रक्कम मी तक्रारीतून वगळली आणि मित्राने ती दिली. जे देणं लागतं ते मान्य केलं की उरलेल्या तक्रारीला वजन येतं. तिकडे जाणाऱ्यांनी एवढं करावं: गाडीचा नंबर टाकून टोल आपणच ऑनलाइन भरता येतो, तो भरावा आणि पावती जपावी.

७८ डॉलर पेट्रोलचे. टाकी भरून गाडी परत केली होती आणि विमानतळाजवळच्या पंपाची तारीख-वेळ असलेली पावती होती, शिवाय काटा दाखवणारा फोटो. त्यावर वाद फार चालला नाही.

६४० डॉलर मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचे. कंपनीने मित्राला फोटो पाठवला होता, पण दुरुस्तीचं बिल नाही, अंदाजपत्रक नाही, फोटो कधीचा तेही नाही. आमच्या फोटोत बंपर स्वच्छ होता. पण माझा भर दुसऱ्याच मुद्द्यावर होता. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत भाड्याच्या गाड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलं आहे की गाडीच्या नुकसानीची भरपाई कंपनीने क्रेडिट कार्डावर रक्कम लावून वसूल करायची नाही. नुकसान झालं असेल तर मागणीपत्र पाठवा, विमा कंपनीकडे जा, कोर्टात जा. कार्डाला हात लावू नका. मी तक्रारीत ही तरतूद घातली आणि मित्राकडून कंपनीलाही त्याच आशयाचं पत्र पाठवलं. प्रत्येक राज्यात असा कायदा नाही. पण व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांतही मागाहून नुकसानभरपाई लावताना कंपनीला हिशेब आणि पुरावा द्यावाच लागतो, म्हणून "अंदाजपत्रक दाखवा" हा प्रश्न कुठेही विचारता येतो.

दरम्यान बिलाची तारीख जवळ आली. इथे लोक चिडून सगळंच बिल थांबवतात, आणि ते महागात पडतं. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि साध्या किराणा खरेदीवरही व्याज चढायला लागतं. मी बँकेला लेखी विचारलं की वादातली रक्कम तुम्ही बाजूला ठेवताय का? होकार लेखी आल्यावर तेवढी वगळून बाकी सगळं वेळेत भरलं. बँक नाही म्हणाली असती तर मी "आक्षेप राखून" असं लिहून पूर्ण भरलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बिलावर हरकत घेतली की बँकेने तक्रारीपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा द्यायचा आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावाही द्यायचा. वाद मिटेपर्यंत थकबाकीदार म्हणून नोंद पतमाहिती कंपन्यांकडे पाठवायची नाही, हेही त्यात आहे. तक्रारीच्या पत्रात या निर्देशांचा उल्लेख जरूर करा.

पेट्रोल आणि बंपर या दोन्ही रकमा परत आल्या. त्या दिवशीच्या विनिमय दरामुळे रुपयांत थोडा फरक पडला, मार्कअप मात्र वेगळा अर्ज करून मागून घ्यावा लागला.

ज्यांची मुलं विलायतेत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. तिथल्या १९७४ च्या ग्राहक पतकायद्याचं कलम ७५ क्रेडिट कार्डधारकांना मोठा आधार देतं. १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तू-सेवेसाठी कार्ड कंपनीही व्यापाऱ्याइतकीच जबाबदार असते. पण करार मित्राच्या नावावर आणि पैसे तुमच्या कार्डावरून, असं असेल तर कार्डधारक, कार्ड कंपनी आणि व्यापारी यांची साखळी तुटू शकते आणि हक्क हातातून जातो. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा या बाबतीत उदार आहे. पैसे भरणारा तर ग्राहक आहेच, त्याच्या संमतीने सेवा वापरणाराही ग्राहकच. गोव्यात किंवा महाबळेश्वरला घेतलेल्या गाडीची अनामत कुणी दाबून ठेवली, तर तक्रार दोघांनाही करता येते. १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवा. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. बँकच दाद देत नसेल तर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं, तेही फुकट.

बँकांना माझी कळकळीची विनंती आहे. फोनवर बसणाऱ्या मुलामुलींना फ्रॉडचं बटण दाबण्याआधी एक प्रश्न विचारायला शिकवा: "हा व्यापारी तुमच्या ओळखीचा आहे का?" आणि वाचकहो, तुम्ही त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. फोन लागताच स्वतःच सांगा: "फ्रॉड नाही, डिस्प्यूट नोंदवायचा आहे," आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.