पैनगंगेपलीकडचं परराज्य

उमरखेडहून हदगावला निघालं की मार्लेगावजवळ पैनगंगा लागते. पूल संपला की यवतमाळ जिल्हा संपतो आणि नांदेड सुरू होतो. एस.टी.तल्या कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे हद्द होती. अलीकडे इंग्रजी अमलातलं वऱ्हाड, पलीकडे निजामाचं हैदराबाद. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. टपालाची तिकिटं वेगळी, आणि माल पलीकडे न्यायचा तर करोडगिरी भरायची.

त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी की कागदोपत्री दोन्ही काठ निजामाचेच होते! इंग्रजांनी उभारलेल्या फौजेचा खर्च निजामाकडे थकला, म्हणून १८५३च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने घेतला. सार्वभौमत्व मात्र निजामाकडेच राहिलं, आणि १९३६ मध्ये त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ अशी पदवीही मिळाली. ज्या मुलखात त्याचा हुकूम चालत नव्हता, त्या मुलखाचा राजपुत्र! सार्वभौमत्व एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे, हे कसं चालतं ते समजवायला प्राध्यापक लोक जगभरची उदाहरणं धुंडाळतात. उमरखेडकरांचे पणजोबा त्या उदाहरणातच राहत होते.

पुढे तर पैनगंगेपलीकडचं भांडण थेट संयुक्त राष्ट्रांत पोचलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेने ती ऐकायला घेतली, तेव्हा भारतीय फौजा संस्थानात शिरून चौथा दिवस होता. दुसऱ्या दिवशी निजामाने शस्त्रं खाली ठेवली आणि पाठोपाठ तक्रारही मागे घेतली.

तेव्हा उमरखेडच्या एखाद्या मुलीने बारावीनंतर ‘मला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे आहेत’ असं म्हटलं, तर घरच्यांनी ‘आपला त्याच्याशी काय संबंध?’ असं विचारू नये. बाजार समितीतही याचं उत्तर मिळेल. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल यायच्या तोंडावर सोयाबीनचे दर घसरले आणि शेतकऱ्यांनी त्याचं खापर या आयातीवर फोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. कापूस वेचणीला यायचे तेच महिने.

हा विषय शिकायला मोठंच शहर हवं, हा समजही इतिहासाला धरून नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन १९१९ मध्ये सुरू झालं ते लंडनला नव्हे, पॅरिसलाही नव्हे. ते सुरू झालं वेल्सच्या किनाऱ्यावरच्या ॲबरिस्टविथ नावाच्या लहानशा गावातल्या कॉलेजात. पहिल्या महायुद्धात तिथले विद्यार्थी मारले गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस आणि त्याच्या दोन बहिणींनी पैसे दिले, की माणसं का लढतात, हे आता कुणीतरी नीट शिकवावं.

अमेरिकेतली लहान लिबरल आर्ट्‌स कॉलेजं याच कुळातली म्हणता येतील. दीड ते तीन हजार विद्यार्थी, चार वर्षांची पदवी, पहिली दोन वर्षं इतिहासापासून संख्याशास्त्रापर्यंत हवं ते शिकायचं आणि मग मुख्य विषय ठरवायचा. आपल्याकडे अकरावीलाच शाखेचा शिक्का बसतो, त्यामुळे ही मोकळीक आधी खोटीच वाटते. एम.ए.चे वर्ग बहुतेक ठिकाणी नसतात. म्हणून पहिल्या वर्षाचा निबंधही प्राध्यापकच तपासतो, आणि चार वर्षांनी शिफारसपत्र लिहिताना विद्यार्थ्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातल्या मॅकॅलेस्टर या अशाच कॉलेजवर १९५० पासून संयुक्त राष्ट्रांचा झेंडा फडकतो. घानातल्या कुमासीचा एक तरुण तिथे शिकायला आला आणि १९६१ मध्ये अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाला. मिनेसोटाच्या थंडीत लोक कानांवर घालतात ती फुगीर कानपट्टी त्याला विद्रूप वाटे, म्हणून तो घालत नसे. कान गोठायची वेळ आली तेव्हा त्याने दुकानातली सगळ्यांत मोठी जोडी विकत आणली. त्या मुलखात राहणाऱ्यांना तिथलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, हा धडा तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तो तरुण म्हणजे पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान.

अशा दोन-तीन कॉलेजांतून एक निवडायचं तर बहुतेक घरांत क्रमवारीचा तक्ता उघडतात. माझ्या मते तो तक्ता सगळ्यांत शेवटी बघावा. आधी गेल्या दोन वर्षांत त्या विभागात प्रत्यक्ष कोणते वर्ग भरले, ती यादी काढावी. लहान कॉलेजात हा विषय शिकवणारे कधी कधी चार-पाच जणच असतात. त्यांतला एक संशोधनासाठी वर्षभराच्या रजेवर गेला, की दक्षिण आशियाचा वर्ग त्या वर्षी भरतच नाही. माहितीपत्रकात मात्र तो ऐटीत छापलेला असतो! कुठे हा स्वतंत्र विषय असतो, जसा पोमोना कॉलेजात, तर कुठे राज्यशास्त्राच्या पोटात. नावाने फार बिघडत नाही, शिकवणाऱ्यांच्या संख्येने बिघडतं.

मग भाषा. व्हरमाँटमधल्या मिडलबरीत १९१५ पासून उन्हाळी भाषाशाळा भरते, आणि विद्यार्थी लेखी शपथ घेतात की सत्र संपेपर्यंत शिकत असलेल्या भाषेखेरीज दुसरी बोलणार नाही. जेवतानासुद्धा! अरबी किंवा चिनी मनापासून शिकायची असेल तर मी या एका गोष्टीला फार वजन देईन. लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटलची मातब्बरी वेगळी: तिथले विद्यार्थी एक सत्र न्यूयॉर्कला राहून संयुक्त राष्ट्रांच्या परिसरात उमेदवारी करतात. आणि आयोवातलं ग्रिनेल? गाव उमरखेडपेक्षा लहान, भोवती मका आणि सोयाबीन. आपली मुलगी तिथे गेली तर निदान पिकांची नावं नव्याने शिकावी लागणार नाहीत, आणि तिथला शेतकरी सोयाबीनवरच्या चीनच्या शुल्काबद्दल काय बोलतो, हे तिला वर्गात सांगायची गरज पडणार नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. परदेशी शिक्षणाच्या आपल्या सरकारी शिष्यवृत्त्या, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज असो की राज्याची राजर्षी शाहू महाराज, पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. पदवीला आधार कॉलेजचाच. ॲमहर्स्ट आणि बोडन ही दोन कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देतानाही घरची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिला की कमी पडेल तेवढी मदत करतात. इतर बहुतेक ठिकाणी किती मदत मागितली, याचा प्रवेशावर परिणाम होतो. दुसरी वाट दहावीनंतरची, मुळशीतल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजची. ते १९९७ पासून आहे, आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांना अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत डेव्हिस शिष्यवृत्ती मिळू शकते. पुण्यात फ्लेम विद्यापीठातही आंतरराष्ट्रीय अभ्यास हा मुख्य विषय घेता येतो, पण फी ऐकून शेत आठवतं.

यांतलं काहीच जमलं नाही, तरी उमरखेडच्या गावंडे महाविद्यालयातली पदवी भारतीय परराष्ट्र सेवेच्या परीक्षेला पुरते, कारण त्या परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेले. त्यांना पहिली नेमणूक मिळाली टोकियोची, आणि जपानी ते सेवेत आल्यावर शिकले.