खुलताबाद : वऱ्हाडच्या मालकांची शेवटची वस्ती

समृद्धी महामार्ग नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून गेला आणि वेरूळची सहल इथल्या घरांना आवाक्यातली झाली. पहाटे डबे भरून निघायचे, घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे, लेणी पाहायची, वेळ उरला तर दौलताबादचा किल्ला. भद्रा मारुतीसाठी गाडी खुलताबादेतही शिरते. इथे औरंगजेबाची कबर आहे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. कोणी ती पाहतो, कोणी मुद्दाम टाळतो, आणि गाडी पुढच्या ठिकाणाकडे वळते.

एका कबरीपायी अख्खे गाव पाहायचे राहून जाते. चौदाव्या ते अठराव्या शतकातले सुफी संत, गुलाम म्हणून विकला गेलेला वजीर, गादी गमावलेला सुलतान, हैदराबादच्या राजघराण्याचा संस्थापक, फार्सी आणि अरबीचे पंडित असे सगळे इथे जवळजवळ विसावले आहेत. त्यातल्या कित्येकांच्या निर्णयांनी वऱ्हाडचे धनी बदलले. म्हणून खुलताबाद हे वऱ्हाडी माणसाच्याही इतिहासाचे गाव आहे.

गावाचे जुने नाव रौजा. वेरूळ इथून चार-पाच किलोमीटरवर आणि डोंगराखाली दौलताबाद, म्हणजे यादवांची देवगिरी. नांदगावच्या हेमाडपंती खंडेश्वर मंदिरापुढे उभे राहिले की ज्या यादवांची आठवण होते, त्यांचीच ही राजधानी. यादवांचे राज्य गेले आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवण्याचा घाट घातला. दिल्लीहून अधिकारी आले, कारागीर आले, त्यांच्या मागोमाग सुफीही आले.

दिल्लीचे निजामुद्दीन औलिया यांच्या शिष्यांपैकी मुंतजिबुद्दीन जर जरी जर बक्ष त्याही आधी इथे आले होते. त्यांच्यामागून आलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये इथेच निवर्तले. त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांचा दर्गा गुरूच्या दर्ग्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. या गुरुशिष्यांची नावे वऱ्हाडच्या सीमेवरही पोचली. खानदेशच्या फारुकी सुलतानाने तापीच्या काठी शहर वसवले ते बुऱ्हाणपूर, आणि नदीपलीकडे झैनाबाद. अकोट-अकोल्याकडच्या माणसाला बुऱ्हाणपूर परके नाही, पण ते नाव खुलताबादेतल्या एका फकिराचे आहे हे अनेकांच्या गावीही नसते.

निजामुद्दीनांचा आणखी एक शिष्य, कवी अमीर हसन सिज्जी, हाही इथेच आहे. गुरूच्या बैठकीतली संभाषणे त्याने ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात टिपून ठेवली. भारतातल्या सुफी परंपरेचा अभ्यास करणाऱ्याला आजही हा ग्रंथ टाळता येत नाही.

संतांच्या सान्निध्यात देह ठेवावा, ही त्या काळातल्या सत्ताधाऱ्यांची मोठी इच्छा असे. दर्ग्यांभोवती दफनभूमी वाढत गेली ती यामुळे. तलवारीचे धनी आयुष्यभर एकमेकांविरुद्ध लढले आणि शेवटी एकाच डोंगरावर जागा मागत आले.

त्यांतला सर्वांत विलक्षण माणूस मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मलेले हे पोर गुलाम म्हणून बाजारात विकले गेले आणि बगदादमार्गे दख्खनेत आले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. १५७४ मध्ये निजामशाहीने एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूरची, इमादशाही बुडवून वऱ्हाड गिळले, त्या मोहिमेचा सूत्रधार हाच चंगेजखान होता. पुढे १५९६ मध्ये चांदबिबीला अहमदनगरचा वेढा उठवून घेण्यासाठी वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्लाही पडला, तेव्हा उरलेली निजामशाही अंबरने खांद्यावर घेतली आणि पाव शतक ती मोगलांच्या हाती पडू दिली नाही.

गनिमी काव्याने शाही फौजांना हैराण करण्याची त्याची रीत मराठा सरदारांनी जवळून पाहिली. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे धारातीर्थी पडले. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तिचेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. त्या शहराला त्याने जमिनीखालून कालव्याने पाणी आणले. जमीन मोजून सारा ठरवण्याची त्याची पद्धत त्याच्या मागेही बोलली जात राहिली. १६२६ मध्ये तो वारला. गावाबाहेर त्याचा घुमटाचा भक्कम मकबरा उभा आहे आणि शेजारी पत्नी सिद्दी करीमाचा लहान मकबरा. सहलीच्या गाड्या तिथवर क्वचितच जातात.

मलिक अंबरने ज्यांना रोखून धरले, त्या मोगलांचा बादशहा औरंगजेब १६८१ च्या सुमारास स्वतः दख्खनेत उतरला आणि पुन्हा दिल्लीला गेला नाही. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा त्याने जिंकले. १६८९ मध्ये त्याने छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या केली. तरीही मराठ्यांचे राज्य त्याला संपवता आले नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळच्या छावणीत तो मेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात साध्या उघड्या कबरीत पुरले. वर छत नाही. भोवतीचे संगमरवरी काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून हैदराबादच्या निजामाने करवले. मृत्यूनंतर औरंगजेबाला ‘खुल्द-मकान’ म्हणजे स्वर्गवासी असे नाव मिळाले आणि त्यावरून रौजाचे खुलताबाद झाले. ही कबर आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे.

त्याच गावात त्याचा कैदीही आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन, लोकांच्या तोंडी तानाशाह. गोवळकोंडा पडल्यावर त्याला दौलताबादच्या किल्ल्यात, चिनी महालात ठेवले. सुमारे बारा वर्षे तो तिथेच होता आणि तिथेच मेला. गुलबर्ग्याच्या बंदेनवाज गेसूदराज यांचे वडील सय्यद यूसुफ ऊर्फ राजू कत्ताल यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याची कबर आहे. गोवळकोंड्याला त्याच्या पूर्वजांचे घुमट आभाळाला भिडलेले, आणि वंशाच्या शेवटच्या राजाच्या वाट्याला घराण्यापासून शेकडो मैल दूर ही जागा.

वऱ्हाडशी सर्वांत थेट नाते मात्र बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यातल्या एका कबरीचे आहे. ती निजाम-उल-मुल्क, पहिला असफजाह याची. दख्खनची सत्ता त्याने मिळवली ती वऱ्हाडच्या मातीवर. १७२० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरजवळ त्याने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अलीखान याला मारले. १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला मोगल बादशहाच्या बाजूने आलेल्या मुबारिजखानाला त्याने गाठले. मुबारिजखान रणात पडला. निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले आणि तिथून तो दिल्लीला नावापुरताच मानू लागला. हैदराबाद संस्थानाचा आरंभ इतिहासकार याच लढाईपासून मोजतात. चार वर्षांनी पालखेडला पहिल्या बाजीरावाने त्याला कोंडीत पकडून मुंगी-पैठणच्या तहाला भाग पाडले. १७४८ मध्ये तो बुऱ्हाणपुरास वारला आणि ज्या संताचे नाव त्या शहराला होते, त्याच्याच पायाशी त्याला आणले गेले. दोन वर्षांनी मारला गेलेला त्याचा मुलगा नासिरजंगही त्याच्याजवळ आहे.

साखरखेर्ड्याच्या लढाईचे परिणाम वऱ्हाडने सव्वादोनशे वर्षे भोगले. नागपूरकर भोसल्यांशी महसुलाची वाटणी, दुहेरी वसुली, मग १८५३ मध्ये इंग्रजांकडे कारभार, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडणी. प्रदेश हातचा गेला तरी निजामाचा हक्क कागदावर जिवंत होता. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला तो त्याच जोरावर.

नासिरजंगाचा स्नेही, विद्वान मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी याची कबर अमीर हसनच्या जवळ आहे. १७५८ मध्ये त्याचा मित्र, निजामाचा दिवाण राहिलेला शाहनवाजखान याचा खून झाला आणि त्याच्या घराची लूट झाली. मोगल सरदारांच्या चरित्रांचा शाहनवाजखानाचा ‘मआसिर-उल-उमरा’ हा ग्रंथ त्या लुटीत विखुरला. आझादने विखुरलेली पाने शोधून पुन्हा जुळवली. वऱ्हाडातल्या सुभेदारांची आणि सरदारांची कितीतरी माहिती आज हाती आहे ती या खटाटोपामुळे.

पुढच्या वेरूळ-सहलीत खुलताबादसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. सुरुवात मलिक अंबरच्या मकबऱ्यापासून करावी, मग बुऱ्हाणुद्दीन आणि झैनुद्दीन यांचे समोरासमोरचे दर्गे पाहावेत, शेवटी तानाशाहची कबर शोधावी. दर्ग्यात डोके झाकावे, चपला बाहेर ठेवाव्यात, उरुसाचे दिवस असतील तर गर्दी गृहीत धरावी. जाता-येता सिंदखेडराजा तालुक्यात महामार्ग सोडून साखरखेर्ड्यालाही जाऊन यावे. नांदगाव, अमरावती, अकोल्याच्या शाळांनी तर ही दोन्ही ठिकाणे इतिहासाच्या सहलीत आवर्जून घ्यावीत.