अकरा नंबरची जर्सी

सर्वप्रथम माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. मी मराठीत लेख लिहितेय हे ऐकून माझी रूममेट अर्धा तास हसत होती!

तर झालं असं. मागच्या पावसाळ्यात कुळगावच्या चिखलाच्या मैदानावर मी पळत होते. पी.टी.च्या सरांनी हाक मारली आणि म्हणाले, "तू रग्बी खेळ. विंगला." मला विंग म्हणजे हॉस्टेलची ए-विंग आणि बी-विंग, एवढंच माहीत! मग वाचायला सुरुवात केली आणि गुंतत गेले.

मित्रांनो, रग्बी युनियनमध्ये एका संघात १५ खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण हाताने पास द्यायचा तो आडवा किंवा मागेच, पुढे कधीच नाही. समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे ५ गुण. मैदानाच्या मध्यभागी नुसती धक्काबुक्की, सहा वाजून दहाच्या लोकलसारखी. मोकळी जागा उरते ती कडेला. तिथे दोन खेळाडू उभे असतात, ११ आणि १४ नंबरचे. हेच विंगर. चेंडू हातोहात त्यांच्यापर्यंत येतो आणि मग एकच काम : पळ! पण पाय कडेच्या रेषेला लागला की खेळाडू बाहेर. म्हणजे एका बाजूला रेषा, दुसऱ्या बाजूला अंगावर येणारा बचावपटू, आणि निर्णयाला जेमतेम एक सेकंद. शिवाय उंच मारलेला चेंडू झेलायचा आणि समोरच्या विंगरला पाडायचं, हेही त्यांनीच करायचं.

आता आपल्या भाषेत, म्हणजे फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. न्यूझीलंडच्या जोना लोमूचं वजन सुमारे ११९ किलो. तो सेकंदाला ९ मीटर वेगाने आला असं धरा. संवेग झाला १०७१. मी ५२ किलोची, वेग ७ धरला तर ३६४. त्याला अडवायला माझ्यासारख्या तीन जणी लागतील! १९९५च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध एकट्याने चार ट्राय केले. पण फक्त वजनच हवं असंही नाही. वेल्सचा शेन विल्यम्स जेमतेम १.७० मीटर उंच, आणि तो २००८ साली जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. जपानच्या दाइसुके ओहाताने तर आंतरराष्ट्रीय सामन्यांत ६९ ट्राय केले, दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानापेक्षा दोन जास्त.

रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झालं ते ऑगस्ट १९९५ मध्ये. तेव्हापासून क्लबशी करार, पगार, मग देशाची जर्सी असा रस्ता तयार झाला. पण विंगरचं सगळं भांडवल म्हणजे पाय, आणि त्याला गंज लवकर चढतो. लोमू १९ व्या वर्षी देशाकडून खेळला आणि त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना २७ व्या वर्षी, २००२ मध्ये झाला. मूत्रपिंडाचा आजार होता. २००४ मध्ये प्रत्यारोपण झालं, २०१५ मध्ये तो गेला. वय फक्त ४०. हे वाचून त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही.

मग आपल्याकडे काय? मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात रग्बी रंगतं. बदलापूरहून लोकलने सीएसएमटीला उतरलं की चालत जाण्याच्या अंतरावर. अभिनेते राहुल बोस १९९८ मध्ये भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संघात होते आणि ते उजव्या विंगलाही खेळले आहेत. पुण्याची वाहबीज भरुचा भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, आणि शिक्षणाने ती फिजिओथेरपिस्ट. २०१९ मध्ये आपल्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, १५ जणींच्या रग्बीतला तो भारताचा पहिला विजय. त्याच वर्षी बिहारची विंगर स्वीटी कुमारी जगातली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवडली गेली.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या मैदानावर रग्बी प्रीमियर लीग झाली. ती सात-सात जणांची आणि फक्त पुरुषांची. तिच्या लिलावात सर्वात महागड्या भारतीय खेळाडूला ४ लाख ७५ हजार रुपये मिळाले. आमच्या कॉरिडॉरमध्ये लगेच हिशेब सुरू झाला, "अगं, कॅम्पसमध्ये वर्षाला एवढंच मिळतं!" हो, पण कॅम्पसची नोकरी दुसऱ्या वर्षीही असते. लिगामेंट तुटलं तर लीग नसते. आणि मुलींसाठी तर ती लीगही नव्हती.

म्हणून मला जे समजलं ते सांगते. आपल्याकडच्या बहुतेक रग्बीपटूंचा एक पाय मैदानात आणि दुसरा कुठल्या तरी कामात असतो. मला आधी ही तडजोड वाटायची. आता वाटतं, कडेने पळणाऱ्याला रेषा कुठे आहे हे माहीत असावंच लागतं. माहीत असली म्हणजे पळणं थांबत नाही.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी आहे, आणि त्याच आठवड्यात सबमिशन आणि व्हायवा. फाईल आत्ताच पूर्ण करायला घेतली आहे, म्हणजे केटी लागली तरी रग्बीच्या नावावर खपवता येणार नाही. चाचणीला मी जाणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना कळण्याच्या आत चाचणी झालेली असेल, कारण हा अंक घरी पोचेल तो त्यानंतरच.

बाबा, वाचलंत ना? रविवारी फोन करते. रागवू नका.