भोपाळचा एसटीडी कोड आणि फाइलचं कुलूप

भोपाळचा एसटीडी कोड ०७५५. लिनक्स वापरणाऱ्या भोपाळकरांनो, फाइलला परवानगी देताना हाच आकडा तुम्ही कितीदा टाइप केला असेल! निव्वळ योगायोग, पण झकास. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. मालकाला ७, म्हणजे सगळं. गटाला आणि इतरांना ५, म्हणजे वाचा, चालवा, पण बदल करायचा नाही. बायनरीत १११-१०१-१०१ असे नऊ बिट, अष्टमान पद्धतीत तीनच अंक.

सी भाषेत सुरुवातीच्या शून्यामुळेच संख्या अष्टमान ठरते; ०७५५ ची दशमान किंमत ४९३. प्रोग्राममध्ये ते शून्य विसरलात तर ७५५ म्हणजे अष्टमान १३६३, आणि मालकालाच स्वतःची फाइल वाचता येत नाही! (पायथन ३ मध्ये शून्यानंतर ‘ओ’ हे अक्षरही लागतं.)

बिटांचीच आणखी एक गंमत: प्रोग्राम आखूड करायचा माझा लाडका आकडा ५५४६. तो महिन्याच्या क्रमांकाइतके बिट उजवीकडे सरकवा; शेवटचा बिट १ आला तर महिना ३१ दिवसांचा. अख्खी यादी गेली, एक संख्या उरली. ऑफिसच्या कोडमध्ये मात्र शेजारी टीप लिहा, नाहीतर सहकारी शिव्या घालतील.

पुन्हा एसटीडी कोडांकडे: पुण्याचा ०२० अष्टमान म्हणून वाचला तर १६, नागपूरचा ०७१२ तर ४५८. तुमच्या गावाच्या कोडात ८ किंवा ९ असेल, तर सी कंपायलर सरळ चूक दाखवेल.