दट्ट्याच्या कड्या अडकणे

अंतर्ज्वलन एंजिनातील दट्ट्यावर खाचांत बसविलेल्या लवचिक कड्या मोकळेपणाने हलेनाशा होणे किंवा सिलिंडराच्या भिंतीला गंजून चिकटणे, या दोषाला ‘कड्या अडकणे’ म्हणतात. दुरुस्तीच्या कारखान्यांत तो ‘रिंगा जाम होणे’ या नावाने परिचित आहे. शेतीची कामे हंगामी असल्याने ट्रॅक्टर अनेक महिने उभा राहतो. त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरांत हा दोष विशेष आढळतो. त्याचे दोन प्रकार असून त्यांवरील उपाय भिन्न आहेत. म्हणून बळ लावण्यापूर्वी प्रकार ओळखणे अगत्याचे ठरते.

रचना व कार्य : दट्ट्या उष्णतेने प्रसरण पावत असल्याने तो व सिलिंडर यांत थोडी फट ठेवावी लागते. ही फट बुजविण्यासाठी एका ठिकाणी छेद दिलेली, स्वतःच्या लवचिकतेने बाहेर फाकणारी धातूची कडी जॉन रॅम्सबॉटम (१८१४–९७) या इंग्रज अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाफेच्या एंजिनासाठी प्रचारात आणली. ट्रॅक्टर एंजिनात प्रत्येक दट्ट्यावर सामान्यतः ३ ते ५ कड्या असून त्या बहुधा बिडाच्या असतात. वरच्या कड्या वायूचा दाब अडवितात व दट्ट्याची उष्णता सिलिंडराच्या भिंतीकडे नेतात. खालच्या कड्या भिंतीवरील जादा तेल खरवडून परत पाठवितात. कडी खाचेत सैल असली, तरच वायूचा दाब तिच्या मागे जाऊन तिला भिंतीवर दाबून धरतो. तिची हालचाल थांबली की ही तिन्ही कार्ये बिघडतात.

प्रकार व कारणे : (१) खाचेत अडकणे : सु. २००° से.च्या पुढे वंगण तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊन चिवट लेप तयार होतो. त्यात काजळी मिसळली की कडी खाचेत जखडली जाते. तेल वेळेवर न बदलणे, भाराविना एंजिन दीर्घकाळ चालविणे, अंतःक्षेपकातून इंधन ठिबकणे आणि शीतक पाण्याच्या मार्गात क्षार साचून एंजिन तापणे, ही त्याची प्रमुख कारणे होत. केरोसिनासारख्या इंधनावर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांत थंड एंजिनातील न वाफाळलेले इंधन भिंतीवरील तेल धुऊन खाली उतरते व वंगण पातळ करते. म्हणून अशी एंजिने पेट्रोलवर सुरू करून तापल्यावरच दुसऱ्या इंधनावर घेत असत. (२) भिंतीला चिकटणे : उभ्या ट्रॅक्टराच्या निष्कास नळीतून पावसाचे पाणी उघड्या राहिलेल्या झडपेवाटे सिलिंडरात उतरते, अथवा गॅस्केटमधून शीतक पाणी झिरपते. कडी व भिंत दोन्ही लोखंडी असल्याने एका पावसाळ्यातही ती गंजाने एकजीव होऊ शकतात.

निदान : पहिल्या प्रकारात एंजिन फिरते, पण सुरू होण्यास त्रास देते, शक्ती घटते, निष्कासात निळसर धूर दिसतो व तेल भरण्याच्या तोंडातून वायूचे झोत येतात. खात्रीसाठी अंतःक्षेपक वा ठिणगी गुडदी काढून प्रत्येक सिलिंडराचा संपीडन दाब मोजतात. नंतर चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर गळती कड्यांजवळ आहे. न वाढल्यास झडपा किंवा गॅस्केट तपासावे. मात्र कड्या अडकल्या आहेत की झिजल्या आहेत, हे या कसोटीने ठरत नाही. दुसऱ्या प्रकारात एंजिन मुळीच फिरत नाही. तथापि गंजलेला क्लच किंवा जाम झालेला धारवा यांमुळेही तसे होऊ शकते, म्हणून त्यांची शक्यता आधी वगळावी.

उपाय : एंजिन फिरत असल्यास ताजे प्रक्षालकयुक्त वंगण तेल भरून ट्रॅक्टर काही तास मध्यम भाराखाली चालवितात. कड्या मोकळ्या झाल्यास दाब सुधारतो. न सुधारल्यास दट्टे बाहेर काढणे अपरिहार्य होते. त्यापूर्वी सिलिंडराच्या वरच्या टोकास झिजेमुळे राहिलेला उंचवटा काढून टाकावा लागतो. खाचा साफ करण्यास जुन्या कडीचा तुकडा घासून वापरण्याची रीत आहे. ॲल्युमिनियमाच्या दट्ट्याची खाच रुंद होणार नाही, ही दक्षता मात्र हवी. नवी कडी सिलिंडरात सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट मोजतात. व्यासाच्या प्रत्येक १०० मिमी.मागे ती साधारणपणे ०·३ ते ०·४ मिमी. असावी. म्हणजे मॅसी फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टराच्या तीन सिलिंडरांच्या पर्किन्स डीझेल एंजिनात (व्यास ९१·४ मिमी.) ती सु. ०·३ मिमी. येते. कड्यांच्या फटी एका रेषेत येऊ देत नाहीत.

एंजिन फिरत नसल्यास प्रथम तळपेटीतील तेल व सिलिंडरातील पाणी काढून टाकावे. नंतर प्रत्येक सिलिंडरात डीझेल व पातळ तेल यांचे मिश्रण ओतून काही दिवस, प्रसंगी काही आठवडे, मुरू द्यावे व रोज भर घालावी. झडपा मोकळ्या असल्याची खात्री करून भुजादंडाच्या टोकावरील नटाला पान्हा लावून तो हलक्या हाताने पुढेमागे करावा. केसभर हालचाल झाली, तरी पुन्हा तेल मुरू देणे हिताचे असते. माथा उघडल्यास दट्ट्याच्या वरील भिंतीचा गंज आधी घासून काढावा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरूनच हलके ठोके द्यावेत.

ट्रॅक्टर गियरमध्ये टाकून दुसऱ्या वाहनाने ओढण्याची प्रथा घातक आहे. त्यामुळे संयोगदांडा वाकतो, खाचांमधील कडा फुटतात किंवा कडी मोडून भिंतीवर ओरखडे पडतात. कॉव्हेंट्री (इंग्लंड) येथे १९४६–५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरात सिलिंडराचे लायनर बाहेरून थेट शीतक पाण्यात असतात. माथा काढून दट्ट्या रेटल्यास लायनरही वर उचलला जातो, तळाची जलरोधक बैठक सुटते व पाणी तळपेटीत उतरते. म्हणून लायनर आधी पट्ट्यांनी दाबून धरावे लागतात.

एंजिन मोकळे झाल्यावर अंतःक्षेपक काढलेले असतानाच ते हाताने फिरवून सिलिंडरातील द्रव बाहेर टाकणे आवश्यक असते. नाहीतर न दबणाऱ्या द्रवाने संयोगदांडा वाकतो. मिश्रण तळपेटीतही उतरलेले असल्याने तेथे नवे तेल भरतात व गाळणी बदलतात. डीझेल एंजिनात उरलेले तेलच इंधनाप्रमाणे जळून वेग अनावर होण्याचा धोका असतो. तेव्हा इंधन बंद करून उपयोग होत नाही. हवेचा मार्गच बंद करावा लागतो. त्याची तयारी एंजिन सुरू करण्यापूर्वी असावी.

प्रतिबंध : उभ्या निष्कास नळीवर डबा उपडा घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. तेल चालू तासांच्या हिशेबाने बदलावे आणि दीर्घकाळ उभे करण्यापूर्वीही बदलून घ्यावे. अधूनमधून एंजिन चालवायचे असल्यास ते भाराखाली पूर्ण तापेपर्यंत चालवावे. पाच मिनिटे चालवून बंद केल्यास ज्वलनातून निर्माण होणारी वाफ आतच थिजते व गंजाला मदतच होते.