घरबांधणी व बांधकाम परवानगी, सोलापुरातील
राहत्या घराचा आराखडा तयार करणे, त्यास नियोजन प्राधिकरणाची मंजुरी मिळविणे आणि मंजूर नकाशाप्रमाणे काम पुरे करून भोगवटा प्रमाणपत्र घेणे, या परस्परांशी निगडित कार्यांची सोलापूर शहरातील पद्धती. शहराची महानगरपालिका १ मे १९६४ रोजी स्थापन झाली. १९९२ मध्ये सभोवतालची गावे समाविष्ट करण्यात आल्याने हद्द अनेक पटींनी वाढून सु. १७८ चौ. किमी. झाली. त्यामुळे दाट वस्तीचे जुने शहर आणि शेतजमिनीवर उभा राहिलेला ‘हद्दवाढ भाग’ अशी दोन भिन्न स्वरूपाची क्षेत्रे एकाच प्राधिकरणाखाली आली. येथील घरबांधणीचे बहुतेक प्रश्न या भेदातून उद्‌भवलेले आहेत.

जुन्या शहरातील व जिल्ह्यातील पारंपरिक घर धाब्याचे असे. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर किलचांचा व पाल्याचा थर आणि सर्वांत वर चोपून बसविलेली पांढरी माती, अशी माळवदाची रचना असते. दोन खांबांमधील अंतरास ‘खण’ म्हणत व घराचा आकार खणांच्या संख्येने सांगत. उजेड येण्यासाठी व धूर जाण्यासाठी माळवदास साणे ठेवीत. वार्षिक पर्जन्य सरासरीने सु. ५५ सेंमी. आणि उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर, अशा प्रदेशात हे घर सोयीचे होते. मातीचा जाड थर दुपारची उष्णता घरात पोहोचू देण्यास विलंब लावतो. मात्र गळती थांबविण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकण्याच्या प्रथेने छताचे वजन वाढत जाते. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्याने हे थर एकमेकांपासून सुटतात व छत खाली येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपातील प्रचंड प्राणहानीचे हे एक प्रमुख कारण होते. २००२ मध्ये सुधारलेल्या भूकंपरोधी रचनेच्या भारतीय मानकात सोलापूर तिसऱ्या परिमंडलात दाखविले आहे. भिंतींवर भार असलेल्या घरांतही जोते, दारेखिडक्यांचा माथा व छत या पातळ्यांवर लोखंडी सळयांचे सलग काँक्रीट पट्टे घेणे आवश्यक असते. खर्च थोडा असूनही गवंडीकामात हे पट्टे पुष्कळदा वगळले जातात.

पाया हा स्थानिक घरबांधणीतील सर्वांत नाजूक भाग होय. येथील काळी माती पाणी शोषून फुगते व सुकताना आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास पहिल्या दोनतीन पावसाळ्यांतच भिंतींना तिरप्या चिरा पडतात. काळ्या मातीचा थर उथळ असेल, तेथे पाया खालच्या मुरुमापर्यंत नेतात. थर खोल असल्यास तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खुंट्या व त्यांना जोडणाऱ्या जोत्याच्या तुळया वापरता येतात. ही पद्धत रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली आहे. जोत्याभोवती मुरूम भरून उतरती फरशी करणे आणि न्हाणीचे पाणी पायापासून दूर नेणे, हे उपाय साधे असले तरी तितकेच महत्त्वाचे आहेत.

उष्णतेचा विचार करता छत भिंतींहून महत्त्वाचे ठरते. सोलापूरचे अक्षांश सु. १७° ४०′ उ. असल्याने मेच्या मध्यास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे आच्छादन दिल्यास हा दोष बराच कमी होतो. पश्चिमेच्या भिंतीत जिना, न्हाणी किंवा कोठार ठेवणे हितकर होय. राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण-कोरड्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश, तर उष्ण-दमट प्रदेशात एक षष्ठांश एवढे खिडक्यांचे क्षेत्र सुचविले आहे. सोलापुरात मोठ्या काचांची अनुकरणप्रिय घरे तापतात, ते याच कारणाने. नळाचे पाणी दीर्घकाळ काही दिवसांच्या अंतराने येत राहिल्याने जमिनीखालील टाकी हाही येथील घराचा जवळजवळ अनिवार्य भाग बनला आहे.

शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकरांच्या घरांची रचना निराळी आहे. समोर माग व मागे संसार, ही त्यांची जुनी मांडणी. हातमागाच्या खड्ड्याची जागा यंत्रमागाने घेतल्यावर आवाज, तंतूंची धूळ व जमिनीतून भिंतींत जाणारी कंपने हे नवे प्रश्न उद्‌भवले. निवासी म्हणून मंजूर झालेल्या नकाशात कारखान्याचा उल्लेख नसतो. परिणामी, कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन कागदोपत्री अनधिकृत ठरण्याचा धोका राहतो.

परवानगीचा मुख्य आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. त्यातील कलम ४४ अन्वये मालकाने अर्ज करावयाचा व कलम ४५ अन्वये प्राधिकरणाने त्यावर निर्णय द्यावयाचा असतो. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानण्यात येते; परंतु नकाशा नियमांशी सुसंगत असेल तरच. या अटीकडे दुर्लक्ष झाल्याने अनेकांची फसगत होते. नकाराविरुद्ध चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. परवानगीची मुदत एक वर्ष असून तिचे नूतनीकरण जास्तीत जास्त आणखी तीन वर्षांसाठी होऊ शकते.

इमारतीचे क्षेत्रफळ, उंची, सामासिक अंतरे इ. बाबी ३ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने ठरतात. बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. दाट वस्तीबाहेरील निवासी भूखंडास मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १·१ असून अधिमूल्य भरून तो रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढविता येतो. राहत्या खोलीची किमान उंची २·७५ मी. आहे. सामान्य गृहस्थाच्या दृष्टीने नियमावलीतील सर्वांत उपयुक्त तरतूद लहान भूखंडांची होय. १५० चौ. मी.पर्यंतच्या भूखंडावर ठराविक मजल्यांच्या मर्यादेत नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजली जाते, तर १५० ते ३०० चौ. मी.पर्यंत वास्तुविशारदाच्या वा परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्रावरून दहा दिवसांत मंजुरी द्यावयाची असते. जबाबदारी कार्यालयाकडून तांत्रिक व्यक्तीकडे गेल्याने तिची निवड जपून करावी लागते.

अर्जासोबत मालकीचा उतारा (सातबारा किंवा मालमत्ता पत्रक), मोजणी नकाशा व मंजूर रेखांकन जोडतात. विकास योजनेत भूखंडावर रस्ता अथवा आरक्षण नाही ना, हे जमीन विकत घेण्यापूर्वी पाहणे इष्ट. खरेदीनंतर ते कळून उपयोग नसतो. बिगरशेती परवानगीची जुनी स्वतंत्र पायरी २०१४ नंतरच्या सुधारणांनी, विकास योजनेत निवासी असलेल्या जमिनींबाबत काढून टाकण्यात आली. प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी व भोगवटा प्रमाणपत्र असा पुढील क्रम होय.

यांतील शेवटचा टप्पा बहुसंख्य घरमालक गाळतात. घरपट्टीची पावती म्हणजे घराची मान्यता, हा समज सर्वत्र रूढ आहे व तो चुकीचा आहे. अनधिकृत बांधकामावरही कर आकारता येतो, शिवाय कराच्या दुपटीइतकी शास्ती लावता येते आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निर्णयात वीज, पाणी इ. जोडण्या व बँकांचे कर्ज यांचा संबंध पूर्णत्वाच्या वा भोगवट्याच्या प्रमाणपत्राशी जोडला आहे.

हद्दवाढ भागातील खरी अडचण गुंठेवारीची आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फुट, सु. १०१ चौ. मी. मंजूर रेखांकनाविना शेताचे असे तुकडे पाडून गिरणी व यंत्रमाग कामगारांस, लहान नोकरदारांस विकण्यात आले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याविरुद्ध असल्याने या व्यवहारांत मालकीची नोंद अडते व नोंद नसल्याने नकाशा मंजूर होत नाही. आयुष्यभराची बचत घातलेले घर त्यामुळे कर्जासही तारण राहत नाही. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय झाली. २०२१ मधील सुधारणेने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणण्यात आली. तथापि अरुंद रस्ते व सांडपाण्याच्या सोयींचा अभाव हे दोष कागदोपत्री नियमितीकरणाने दूर होत नाहीत.

काही भागांत आणखी बंधने आहेत. भुईकोट किल्ला केंद्र संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या हद्दीपासून १०० मी.पर्यंत नवे बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मी.पर्यंत ना हरकत दाखल्यावर अवलंबून आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळाभोवती इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. या विमानतळासाठीच सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली.

एकेकट्या अर्जाच्या वाटेने ज्यांना घर मिळणे अशक्य, अशा श्रमिकांनी सहकारी संस्थेचा मार्ग धरला. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे, महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची विडी कामगार वसाहत उभी राहून २००६ मध्ये तिचे हस्तांतरण झाले. तेथेच प्रधानमंत्री आवास योजनेतून तीस हजार घरांचा ‘रे नगर’ प्रकल्प हाती घेण्यात आला व त्यातील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आली. अशा वसाहतीत रेखांकन व नकाशांची मंजुरी एकत्रित होते व एका कुटुंबावर तिचा भार पडत नाही. परंतु विड्या घरीच वळल्या जातात. तेंदूची पाने कातरण्यास भरपूर उजेडाची बसण्याची जागा आणि तंबाखू मुलांपासून व स्वयंपाकापासून दूर ठेवण्यास वेगळा कोपरा लागतो. एका नमुन्याच्या लहान घरात ही सोय नसल्यास रहिवासी दारापुढे पत्र्याची पडवी काढतात आणि या वाढीव बांधकामास पुन्हा परवानगी लागते.